नेटी बोयचुकचा टाइमआउट

बेल्डर गावातल्या कर्लिंग रिंकमध्ये एका टोकाला लांबलचक काच आहे. काचेच्या अलीकडे हीटर, कॉफी, ग्रेव्ही घातलेले फ्राइज आणि सगळं काही समजणारी माणसं. पलीकडे बर्फाच्या चार पट्ट्या आणि त्यांवरून टोकाच्या वर्तुळात दगड सरकवणारी, दगडापुढे झाडू घासून बर्फ गुळगुळीत करणारी पोरं. कुठला दगड कसा टाकायला हवा होता ते अलीकडे बसलेल्या प्रत्येकाला अगदी बरोबर कळत असतं. ते पलीकडे ऐकू जात नाही, ही त्या पोरांवर देवाची मोठीच मेहेरबानी.

नेटी बोयचुक याच काचेला नाक लावून बसायची. साठीला आलेली, बुटकी, खांद्यात रुंद बाई. सकाळ-संध्याकाळ शाळेची पिवळी बस चालवायची आणि हिवाळाभर हायस्कूलच्या मुलींच्या टीमची कोच असायची. नवरा विल्फ त्याच रिंकमध्ये बर्फ राखायचा. बर्फ तासायचा, त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडायचे, म्हणजे दगड नीट धावतो. हे काम करताना तो कुणाशी बोलत नसे. इतर वेळी फार बोलत असे असंही नाही.

शाळांच्या लीगमध्ये कोचसाठीचा नियम मोठा जाचक. खेळ सुरू झाला की कोचने काचेमागे मूग गिळून बसायचं. ओरडायचं नाही, खूण करायची नाही, काचेवर बोट वाजवायचं नाही. सबंध सामन्यात टीमला एकच टाइमआउट, आणि तोही बर्फावरच्या मुलींनीच मागायचा. आपली पाळी असताना दोन्ही हातांचा इंग्रजी टी करून दाखवायचा. मग कोच जिना उतरून पट्टीच्या कडेला जाते आणि साठ सेकंद बोलते. कोचला स्वतःहून टाइमआउट मागता येत नाही. खाली पोरी खड्ड्यात चालल्या आहेत हे लख्ख दिसत असलं तरी बोलावणं येईपर्यंत तिने बसून राहायचं.

आणि बोलावणं सहसा येत नसे. आमच्याकडच्या माणसांचा स्वभावच तसा. तुमची गाडी बर्फात रुतली तर चार घरचे ट्रॅक्टर न सांगता येतील, ओढून काढतील आणि तुम्ही आभार मानायच्या आत निघूनही जातील. पण त्यांची स्वतःची गाडी रुतली तर फावडं घेऊन दुपारभर एकटेच उपसत बसतील. मदत करण्यात जेवढी हौस, तेवढीच मागण्यात लाज. त्यामुळे टाइमआउट मागणारी टीम म्हणजे घाबरलेली टीम, असं बेल्डरमध्ये सगळे धरून चालत. टीमच्या कर्णधाराला स्किप म्हणतात. समोरच्या वर्तुळात झाडू टेकवून उभं राहायचं आणि दगड कुठे यायला हवा ते दाखवायचं हे त्याचं काम. कोचला खाली बोलावणारा स्किप म्हणजे कच्चा स्किप, हे तर लहान पोरंही सांगत.

नेटीने या सगळ्याला फाटा दिला होता. तिच्या टीमला तिचा स्वतःचा एक नियम होता. सामना आठ फेऱ्यांचा. चौथी फेरी संपायच्या आत टाइमआउट मागायचाच. जिंकत असा की हरत असा, गरज असो की नसो. दर सामन्यात वेगळ्या मुलीने हात वर करायचे. नेटी खाली जाऊन एवढंच विचारायची, "बोला, काय हवंय?" आणि "काही नाही" हे उत्तर तिला चालत नसे.

एकदा जोलीनची पाळी होती. जोलीन म्हणजे टीममधली सर्वांत बडबडी पोरगी, पण मागायची वेळ आली की तिची दातखीळ बसायची.

"बोल, काय हवंय?"

"कोच, खरंच काही नाही. आपण पाचने पुढे आहोत."

"ते मला दिसतंय. तुला काय हवंय?"

जोलीनने इकडेतिकडे पाहिलं. "माझा डावा मोजा ओला झालाय."

"दुसरा आणलायस?"

"नाही."

नेटी तिथेच पट्टीच्या कडेला खाली बसली, स्वतःचा बूट काढला, मोजा काढला आणि जोलीनच्या हातात दिला. पंचाने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा ती एका पायात नुसता बूट घालून जिना चढत होती. समोरच्या टीमच्या पोरी हसून हसून झाडूवर ओणव्या झाल्या. तेव्हापासून आसपासच्या गावांत नेटी खाली उतरताना दिसली की कुणीतरी ओरडायचंच, "बेल्डरची बस आली रे, रांगेत उभे राहा!" नेटी त्यांना हात करायची.

लोक तिला चक्रम म्हणत. ती असं का करते ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं, हीही आमच्या गावचीच रीत.

कारण तिचा मुलगा तारास. तोही स्किप होता, नेटीच्याच हाताखाली, आणि त्या काळी नेटी आमच्यासारखीच होती. आमच्यापेक्षा काकणभर जास्तच. टाइमआउट हा शब्द ती तोंडातून काढू देत नसे. तारास सतरा वर्षांचा असताना जिल्ह्याच्या फायनलमध्ये शेवटच्या दगडाला अडला. त्याने मान वर करून काचेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. हात अर्धवट वर आले होते. नेटीने नजर खाली घेतली आणि कपातली कॉफी ढवळत बसली. तिला वाटलं, आपण त्याला बळ देतोय. पोराने हात खाली केले, दगड टाकला आणि सामना जिंकला. त्या दिवशी रिंकमध्ये नेटीची मान केवढी ताठ होती ते बघणाऱ्यांना अजून आठवतं.

पुढे तीन वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, तारास गावाकडे येत असताना त्याचा ट्रक रस्त्यावरून घसरून खड्ड्यात गेला. वादळ चढायला लागलं होतं. तो चालत निघाला. वाटेत फ्रीझन लोकांचं घर लागतं. रविवारी चर्च आणि जेवण झालं की फ्रीझनांकडे सगळे पडदे ओढून झोपतात. हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. अगाथा फ्रीझन तेवढी जागी होती. तिने पडदा बाजूला करून पाहिलं तर फाटकाशी एक उंच पोरगा उभा. तोंड मफलरने झाकलेलं, ओळखू येईना. तो घराकडे बघत जरा वेळ उभा राहिला. अगाथा दाराशी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, येईल आणि बेल वाजवेल. बेल वाजली नाही. तिने पुन्हा पाहिलं तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं आणि वाऱ्याने रस्ताही दिसेनासा झाला होता. दुसऱ्या दिवशी बर्फ काढणाऱ्या गाडीला तारास त्याच रस्त्यावर, कुंपणाला टेकून बसलेला सापडला. फ्रीझनांचं घर तिथून दिसत होतं.

त्याने बेल का वाजवली नाही, असं परका माणूस विचारेल. आमच्या गावात कुणीच विचारलं नाही. लोक झोपलेत, त्यांना कशाला त्रास द्यायचा. आमच्यातल्या कुणीही हेच केलं असतं, आणि आम्ही सगळे ते मनातल्या मनात जाणून होतो.

अगाथा दफनाच्या दिवशी नेटीला म्हणाली, "मी दाराशीच होते गं. कडी काढून उभी होते. त्याने नुसतं बोट लावलं असतं ना बेलला..." पुढे तिला बोलवेना. नेटीने तिला जवळ घेतलं, पण तिच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर फाटक नव्हतंच. तिला दिसत होते ते काचेपलीकडे अर्धवट वर आलेले दोन हात, आणि स्वतःची खाली गेलेली नजर.

नेटीने टीम सोडली. बरीच वर्षं ती रिंकमध्ये फक्त विल्फचा डबा द्यायला यायची. मग शाळेला कोच मिळेना, तेव्हा ती परत आली, आणि येताना तो नियम घेऊन आली. तिला करंडक नको होते. तिच्या हाताखालून गेलेलं एकही पोर कुणाच्या फाटकाशी उभं राहून परत फिरता कामा नये, एवढंच तिला हवं होतं. मागायची सवय हाताला लावायची. आधी मोजा मागू दे, सल्ला मागू दे. हाताला वळण लागलं की खऱ्या वेळेला हात आपोआप वर येईल, असा तिचा हिशेब. हा हिशेब खरा ठरेल की नाही याची तिला स्वतःलाही खात्री नव्हती.

त्या वर्षी टीमची स्किप होती केंड्रा डाइक. अबोल, नेमकी, दगड असा अलगद सोडायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. तिची आई शेरिल ऑगस्टमध्ये कॅन्सरने वारली होती. गावाने करायचं ते सगळं केलं. महिनाभर डाइकांच्या दारात गरम जेवणाची भांडी येत राहिली. केंड्राचा बाप, रस डाइक, ती भांडी घासूनपुसून, नाव लिहिलेली चिठ्ठी तशीच ठेवून, ज्याच्या त्याच्या घरी परत नेऊन द्यायचा, टोपी काढून आभार मानायचा आणि दारातूनच वळायचा. लोक म्हणाले, "रस सावरला बरं का. खमक्या माणूस." आणि भांडी यायची थांबली.

रस प्रत्येक सामन्याला यायचा. काचेपाशी उभा राहायचा, बसायचा नाही. केंड्राने प्रांताच्या स्पर्धेत खेळावं ही शेरिलची फार इच्छा होती, आणि त्या इच्छेला रसने असं घट्ट धरलं होतं की दुसरं काही धरायला त्याच्याकडे हात उरले नव्हते.

जिल्ह्याच्या फायनलला टाइमआउट तिसऱ्या फेरीतच संपला होता. पाळी टीममधल्या टियाची होती आणि तिने विचारलं होतं, "कोच, परतीच्या वाटेला बर्गर खायला थांबायचं का?" नेटीने विचार करून हो म्हटलं होतं. आता आठवी फेरी, शेवटचा दगड केंड्राच्या हातात. समोरच्यांचा एक दगड वर्तुळात, त्याच्यापुढे अर्धवट आडवा दुसरा. आतला दगड मारून काढायचा, की कडेने हळू सोडून त्याच्याहून आत बसवायचा? सामन्याच्या शेवटी डाव्या कडेने जोरात मारलेला दगड वळत नाही हे विल्फने सकाळीच सांगितलं होतं. हळूच सोडायला हवा होता. नेटीला ते ठाऊक होतं.

केंड्राने काचेकडे पाहिलं.

या वेळी नेटीने नजर खाली घेतली नाही. ती पोरीकडे बघत राहिली, चेहरा दगडासारखा ठेवून, कारण नियम म्हणजे नियम आणि भुवई हलली तरी ती खूण झाली असती. केंड्राने मारायचं ठरवलं. दगड आडव्या दगडाला घासून निघून गेला. एका गुणाने सामना गेला.

आमच्याकडे सामना संपला की जिंकलेली टीम हरलेल्या टीमला आपल्या टेबलावर बसवून काहीतरी पाजते. पोरी गरम कोको घेऊन समोरच्या टीमबरोबर बसल्या, रीतीप्रमाणे हसल्याही. रसला मात्र तेवढा धीर निघाला नाही. तो नेटीपुढे येऊन उभा राहिला.

"बर्गर! एका बर्गरपायी गेला सामना. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"ती तुझ्याकडे बघत होती, नेटी. पोरगी तुझ्याकडे बघत होती आणि तू ढिम्म."

"टाइमआउट नव्हता, रस."

"का नव्हता? कुणाच्या खुळामुळे नव्हता?" त्याचा आवाज चढला आणि फ्राइज खाणारे हात जागच्या जागी थांबले. "अजून एक वाट आहे. शनिवारचा सामना जिंकलात तर प्रांताच्या स्पर्धेत जागा मिळेल. पण तुझा हा पोरखेळ चालू असेल तर माझी पोरगी खेळणार नाही. शेरिल असती तर..." तो तिथेच थांबला, टोपी डोक्यावर ओढली आणि गाडी गरम करायला बाहेर निघून गेला.

गुरुवारी प्रिन्सिपल पेनरनी नेटीला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, भांडणाला घाबरणारा होता. "नेटी, रसची अवस्था बघ. बाकी आईबापांचंही तेच म्हणणं आहे. मुलींना ठरवू दे ना कधी मागायचा ते. यात गैर काय?"

"गैर काही नाही."

"मग हा नियम आहे तरी कशासाठी? मला सांग, मी तुझ्या बाजूने बोलतो."

नेटीने तोंड उघडलं. तारासचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. एवढी वर्षं पोरींना मागायला शिकवणारी ही बाई, आणि स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलायची वेळ आली तर तिने ते नाव परत गिळलं. "काढते नियम," एवढंच म्हणाली आणि बस चालवायला गेली.

घरी विल्फ सूप खात होता. तिने सांगितलं, नियम काढला.

विल्फने चमचा खाली ठेवला. "का सांगितलं नाहीस त्यांना?"

"तू तरी कुणाला सांगितलंयस?"

"नाही," विल्फ म्हणाला. मग चमचा पुन्हा उचलत, "आपण दोघंही त्याचेच आईबाप शोभतो."

नेटीला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. आपण आता त्या पोरींना काही देऊ शकत नाही असं तिला वाटलं. शुक्रवारी सरावाच्या वेळी तिने मुलींना गोळा करून सांगितलं, "यापुढे टाइमआउट तुमचा. पाहिजे तेव्हा मागा, नको तर नका मागू." जोलीन म्हणाली, "म्हणजे मोजा आपापला आणायचा?" आणि सगळ्या हसल्या. केंड्रा हसली नाही. तिने फक्त विचारलं, "पण मागितला तर तुम्ही याल ना?"

"हे काय विचारणं झालं?"

शनिवारी रिंक भरलेला होता. बाहेर थंडी अशी की गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून लोकांनी भिंतीच्या प्लगला वायरी लावून ठेवल्या होत्या. रस नेहमीसारखा काचेपाशी उभा. दाढी वाढलेली, शर्ट परवाचाच. नेटीच्या ते लक्षात आलं, पण सामना सुरू होत होता.

पहिल्या फेरीत बेल्डरला दोन गुण. दुसऱ्या फेरीत केंड्राची पाळी आली. दगड साधा होता, डोळे मिटून टाकावा असा. तिने दगडाला हात लावला नाही. झाडू काखेत धरला, दोन्ही हात वर केले आणि टी केला.

काचेमागे एकच कुजबुज उठली. "आत्ता? दुसऱ्या फेरीत?" रसच्या कपाळाची शीर ताठ झाली. नेटी जिना उतरली. खाली पोचेपर्यंत केंड्रा एकटीच पट्टीच्या कडेला आली होती. बाकीच्या तिघींना तिने लांब थांबवलं होतं.

"बोल, काय हवंय?"

"कोच, खेळाचं नाहीये." केंड्राचा चेहरा सामन्यातला होता, स्थिर. "वर बघू नका. बाबा बघतायत."

नेटीने बर्फाकडे पाहिलं. "बोल."

"बाबा जेवत नाहीत. मी शाळेतून येते तेव्हा शेडमधे ट्रकमधे बसलेले असतात. इंजिन बंद. नुसते बसलेले, त्या थंडीत. मी विचारलं तर म्हणतात, मी ठीक आहे, कुणाला सांगायचं नाही. सगळीकडे तेच मला सोडतात, तेच आणतात. दुसरीकडे कुठे बोलणार मी? इथे त्यांना ऐकू येत नाही." तिने श्वास घेतला. "बंदुकीच्या कपाटाची किल्ली मी काढून घेतलीय. माझ्या बॅगेत आहे. मला शाळेत जायची भीती वाटते, कोच. परत आल्यावर काय दिसेल त्याची."

नेटीने केंड्राचा झाडू धरलेला हात धरला. "किल्ली कुणाला देऊ नकोस. सामना संपल्यावर माझ्या हातात दे. मी त्याच्याशी बोलू? तू सांगितलंस ते त्याला कळेल."

"कळू दे. त्यासाठीच बोलावलं तुम्हाला."

"आत्ता बोलते. आत्ताच."

पंचाने हात वर केला. वेळ संपली होती. केंड्राने बाहीने नाक पुसलं. "आणि हा दगड?"

"हळू सोड," नेटी म्हणाली.

ती जिना चढली. त्या चार-सहा पायऱ्या तिला कधी एवढ्या जड गेल्या नव्हत्या. तिला आनंद झाला होता असं म्हणवत नाही. पण पोरीने हात वर केले होते. कुणी सांगितलं नसताना, जिथे जिंकायला तो टाइमआउट पुढे लागला असता तिथे, सगळ्या गावासमोर पोरीने हात वर केले होते. नेटी आपल्या स्टुलाकडे गेली नाही. ती सरळ रसपाशी गेली.

"नियम काढला होतास ना?" रस दातांवर दात दाबून म्हणाला.

"काढला होता. तिने आपणहून मागितला."

"त्या दगडाला? तो दगड तर जोलीनसुद्धा टाकेल. काय विचारलं तिने?"

"तुझ्याबद्दल विचारलं."

रसने मान वळवली नाही. खाली केंड्राने दगड सोडला होता आणि दोन पोरी त्याच्यापुढे झाडू घासत पळत होत्या. तो वर्तुळात जाऊन अलगद थांबला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"मी ठीक आहे," रस म्हणाला.

"बस इथे."

"मी उभाच असतो."

"माहीत आहे. बस." तिने त्याच्या कोटाची बाही धरून त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्याजवळ, अगदी खांद्याला खांदा लावून बसली. "पोरीला भीती वाटते, रस. तिने किल्ली लपवून ठेवलीय. किल्ली कसली ते मी सांगायला नको."

रसचा चेहरा पांढरा पडला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिला. "तिला कळू देणार नव्हतो मी," तो अगदी हळू म्हणाला. "मी काही करणार नव्हतो. फक्त घरात जाववत नाही. दार उघडलं की शेरिलचा कोट दिसतो. म्हणून ट्रकमधे बसतो. एवढंच. मग उठायचं होत नाही."

"कुणाला तरी फोन करायचा होतास."

"काय सांगू फोन करून? लोकांनी एवढं केलं आधीच. प्रत्येकाला आपापलं असतं."

नेटीने मग ते सांगितलं. गावात चौदा वर्षं कुणासमोर न सांगितलेलं, हळू आवाजात, काचेकडे बघत. तारास कुठे उभा होता, कोण दाराशी थांबलं होतं, आणि त्याआधी कधीतरी त्याचे हात वर येत असताना तिने कॉफी कशी ढवळली होती. रडली नाही. रस ऐकत होता. गाव त्या दोघांकडे बघत होतं आणि न बघितल्यासारखं करत होतं, आणि त्या क्षणी, त्याच गर्दीत बसलेल्या मला पहिल्यांदा आमच्या गावाचा भयंकर राग आला.

"लोकांना त्रास नको म्हणून माझं पोर गेलं," नेटी म्हणाली. "अगाथाला केवढा त्रास झाला असता? एक कप चहाचा. त्याऐवजी ती आजपर्यंत रविवारी झोपत नाही. तुला काही झालं तर ही पोरगी कुठल्या काचेपाशी उभी राहणार आहे, रस?"

रसने टोपी काढली. तोंड तळहातांत घेतलं. त्याचे खांदे हलत होते आणि नेटी तशीच टेकून बसली. फेरी संपली, दुसरी सुरू झाली. गुण किती झाले तिने पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत चालू सामन्यावरून तिचं लक्ष उडालं असेल तर ते त्या दिवशीच.

बऱ्याच वेळाने रसने नाक ओढलं.

"नेटी."

"काय?"

त्याला ते म्हणायला फार कष्ट पडले. दोनदा घसा खाकरला. नेटी थांबली. तिने त्याच्या वतीने ते वाक्य पुरं केलं नाही.

"आज आम्हाला घरी जायला नको वाटतंय," रस म्हणाला. "तुमच्याकडे... दोघांना जागा होईल का?"

"होईल," नेटी म्हणाली, आणि विल्फला पलंग लावायला सांगण्यासाठी उठली.